चार आण्यांचा वारा

आषाढात आमच्या सोलापुरात पाऊस येईलच असं नाही, वारा मात्र येतो. मृग कोरडा गेला तरी येतो. पश्चिमेकडून ढगांना हाकत आणतो आणि इथे टेकूही न देता पुढे कुठे तरी घेऊन जातो. आम्ही माना वर करून बघत राहतो. दिवसभर पत्रे वाजतात, पाण्याच्या टाकीचं झाकण उडून शेजाऱ्यांच्या अंगणात पडतं, दोरीवरच्या चादरी एकमेकींना झोडपतात. परगावचे पाहुणे म्हणतात, काय छान हवा आहे हो तुमच्याकडे! हा वारा सुटला की मी घराबाहेर पडायचं टाळते. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणते. गुडघे दुखतातही, नाही असं नाही.

यंदा वारा सुटला त्याच आठवड्यात माझ्या भावाच्या मुलीचा, मानसीचा फोन आला. ती पवनचक्क्या उभारणाऱ्या एका कंपनीत आहे. कुठल्याशा गावाच्या माळावर त्यांच्या चक्क्या उभ्या राहायच्या आहेत, आणि त्याआधी गावात बैठक घेऊन लोकांचं म्हणणं ऐकायचं काम तिच्याकडे आलंय. "आत्या, तू तर इतकी वर्षं ग्रामसेविका होतीस. खेड्यातल्या लोकांना विचारायचं कसं, ते सांग ना मला," ती म्हणाली. मी म्हटलं, "थांब, दूध उतू चाललंय," आणि फोन ठेवून दिला. दूध कुठलं नि काय, गॅससुद्धा पेटवलेला नव्हता. या गोष्टीला आता तीन दिवस झाले आणि मी तिला उलट फोन केलेला नाही.

मला नोकरी लागली तेव्हा बहात्तरच्या दुष्काळाला काही वर्षं होऊन गेली होती, तरी लोकांच्या बोलण्यात तो रोज असायचा. नोकरीत मला मिळालेलं गाव मंद्रूपच्या पलीकडे. नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांची नातवंडं आता शहाणी होऊन सगळीकडे पसरली आहेत. गाव खाली ओढ्याकाठी, खोलगटात. तिथे चिंचेचं पानही हलत नसे. पण ओढा ओलांडून अर्धा तास चढलं की वर माळ लागायचा, आणि तिथे दुसरंच जग. नुसता मुरूम, कुसळं, तरवड. बोरीबाभळी सगळ्या पूर्वेकडे वाकलेल्या, सरळ अशी एकही नाही. एवढं बघूनसुद्धा ज्याला वारा कळला नसता असा माणूस विरळा. पण बघायला वर चढावं लागतं, आणि सरकार सहसा चढत नाही.

इनामदार साहेब मात्र एकदा चढले होते. भला माणूस. पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल, आणि समोरच्याला बोलू द्यायची सवय. वरच्या खात्याने त्यांना माळावर दहा पवनचक्क्या बसवायची योजना दिली होती. वाऱ्याने चक्की फिरेल, चक्कीने विहिरीतलं पाणी वर येईल, माळ हिरवा होईल. आधी एक चक्की बसवून बघायची, ती चालली की बाकीच्या. त्यांनी माळ पाहिला तो मार्गशीर्षात, हुरड्याच्या दिवसांत, जेव्हा तिथे धुकं हलायचं नाही. आता वैशाखात ते गावाला विचारायला आले होते. माळ गायरान होता, म्हणजे साऱ्या गावाचा. तेव्हा गावाची हरकत नाही असं कागदावर हवं होतं. ते लिहून घ्यायला मी.

बैठक सिद्धेश्वराच्या देवळात झाली. थंडगार फरशी, उदबत्तीचा वास, खांबाला टेकलेली सारी खातेदार मंडळी. बायका पायरीखाली. साहेबांनी चित्र उलगडलं, चक्की समजावून सांगितली, आणि मग विचारलं, "मला फक्त एक सांगा मंडळी. आषाढ-श्रावणात वर वारा कसा असतो? तुम्ही इथले. तुमच्याएवढं कुणाला माहीत असणार?"

सरपंच सिद्धाप्पा अण्णांनी पान थुंकून घेतलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "वारा कुटला सायेब आमच्यात? असला तर चार आण्याचा."

"व्हय की," मागून दोघं-तिघं म्हणाले. "चार आणेसुद्धा लई झाले."

साहेब हसले. त्यांना वाटलं, बोलण्याची पद्धत. मला मात्र ही पद्धत ठाऊक होती. दरवर्षी पीक उभं राहिलं की सरकारी माणूस येऊन ते किती आण्यांचं ते ठरवायचा. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. आणे कमी लागले तर शेतसारा माफ, दुष्काळी कामं, धान्य. मग गाव काय सांगणार? कंबरेएवढी ज्वारी डोलत असली तरी गाव एका आवाजात चार आणे सांगायचं. यात कुणाला खोटेपणा वाटायचा नाही. सरकारने विचारलं की कमी सांगायचं, हे पोराला चालायला शिकवावं तसं शिकवलेलं. साहेबांनी वारा विचारला आणि गावाने जीभ सवयीने वळवली.

आणि त्यात आणखी एक होतं, ते मला फार उशिरा उमगलं. गावाला चक्क्या नको होत्या. गायरान एकदा सरकारच्या हातात गेलं की परत येत नाही, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. पण दारी आलेल्या माणसाला, त्यातून साहेबाला, तोंडावर नको म्हणायचं नाही ही तिथली रीत. मुलगी बघायला आलेल्यांना स्थळ पसंत नसेल तर ते सांगत नाहीत. यंदा लग्नाचा योग नाही म्हणतात. तसंच हे. वारा नाही म्हटलं की गावाच्या लेखी नकार देऊन झाला होता. आता समजूतदार माणसाने चहा पिऊन जायचं.

साहेब समजूतदार होते, पण इंजिनिअर होते. त्यांनी वहीत लिहिलं, वारा मंद. मग पेन्सिल कानावर ठेवून उत्साहाने म्हणाले, "काही काळजी करू नका. वारा कमी असेल तर आपण मनोरा उंच करू आणि पाती मोठी लावू. जोराचा वारा असता तर ठेंगणी चक्की आणि आखूड पाती लावावी लागली असती. तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. कुणाची हरकत?"

सिद्धाप्पा अण्णांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. आजही डोळे मिटले की तो चेहरा दिसतो. कुणी हरकत घेतली नाही. काय म्हणून घेणार? वारा आहे म्हणावं तर आत्ताच नाही म्हणून सांगितलेलं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ग्रामस्थांची हरकत नाही.

साहेबांची जीप गेल्यावर अण्णा माझ्या खोलीच्या दारात आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "बाई, झालं ते झालं. आता तुमी कुटं बोलू नका," ते म्हणाले. "वाऱ्याचं खोटं सांगितलं म्हणल्यावर पिकाचं बी खोटंच सांगत असतील म्हनतील. सगळं गाव गोत्यात येईल. तुमी आमच्यातल्याच हाय की."

तुमी आमच्यातल्या! शहरातून आलेल्या, तेविसाव्या वर्षी एकटी राहणाऱ्या मुलीला याहून गोड वाक्य दुसरं नसतं. सहा महिने मी या गावात बायकांच्या दारात उभी राहून कुणी बस म्हणेल का याची वाट बघत काढले होते. मी लगेच मान डोलावली. इतक्या स्वस्तात गेले मी.

साहेब जाताना सांगून गेले होते की वर माळावर कुणी राहत असेल तर त्यांचाही अंगठा घ्या. माळावर एकच घर होतं, बिराप्पा धनगराचं. म्हणून दोन दिवसांनी मी चढले. वैशाख संपत आला होता आणि वारा नुकता कुठे जागा होत होता. अजून त्याला जोर नव्हता, तरी पदर खोचूनसुद्धा राहिना. कानात एक बारीक गुणगुण सुरू झाली, ती खाली येईपर्यंत थांबली नाही.

घर म्हणजे दगडांचं कोंडाळं, वर कडब्याची ताटं, ताटांवर दगड. दार पूर्वेला. बिराप्पा वाघरीजवळ, मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ, बसला होता. वाऱ्यात राहून माणूस बोलायचं विसरतो की काय कोण जाणे. तो इतका कमी बोलायचा. मी कागद पुढे केला, त्याने अंगठा पुढे केला. मी शाई लावली. झालं होतं काम. पण त्याची बायको लगमव्वा घोंगडी झटकत बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली.

"काय लिवलंय ह्यात?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. चक्की, उंच मनोरा, मोठी पाती. तुमच्या घराच्या पलीकडे, जुन्या विहिरीवर.

"आन् वारा किती लिवलाय?"

"मंद," मी म्हटलं.

ती हसली. दातांत राख अडकली होती तिच्या. मग हसू गेलं. "बाई, आषाढात हितं मेंढरू उबं ऱ्हात न्हाय. पोटावर बसतंय. गेल्या साली ह्या ताटांवरचं दगूड उडालं, मानसाच्या डोक्याएवडं. आन् आवसेच्या आदीमागं एक दीस असा येतोय, वारा मावळतीचा उगवतीला फिरतोय, मग परत फिरतोय. मधी जे घावंल ते मोडतंय. त्यो दीस आमी घरात पालथं पडून काडतो. उंच काय बांधू नका म्हनावं. बांधायचं तर ठेंगनं बांधा, न्हायतर तिकडं दूर बांधा."

तिला शेत नव्हतं. म्हणून पीक नव्हतं, आणि पीक नव्हतं म्हणून कमी सांगायची सवयही लागली नव्हती. साऱ्या गावात वाऱ्याचं खरं माप सांगणारी ती एकटी, कारण तिच्यापाशी लपवायला काही नव्हतं. हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

"माझं बी लिवून घ्या," ती म्हणाली. "अंगठा देते."

मी म्हटलं, घराचा एकच अंगठा लागतो. ती म्हणाली, अंगठा नको तर नको, पण बोललेलं लिहा. बिराप्पा आमच्याकडे न बघता काडीने माती उकरत होता. मी पिशवीतून वही काढली. मला अण्णांची आठवण झाली, दारातला त्यांचा चेहरा, तुमी आमच्यातल्या. हिचं लिहिलं तर साऱ्या गावाचं खोटं ठरणार. आणि खरं सांगायचं तर हेही होतं की माझा अहवाल स्वच्छ झाला होता, पहिलाच अहवाल, त्यात आता खाडाखोड नको होती. लगमव्वा माझ्या हाताकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. मी पेन उघडलं आणि वहीत लिहिलं: साबण, चहापूड, खोबरेल, काडेपेटी. मंद्रूपच्या बाजारातून आणायच्या वस्तू. ओळ संपवून खाली रेघसुद्धा ओढली.

"लिवलं?"

"लिहिलं."

तिनं समाधानानं मान हलवली आणि मला मेंढीचं दूध घातलेला चहा दिला. बशीतला चहा वाऱ्याने कडेला हिंदकळत होता. मी तो पूर्ण प्यायले.

सरकारी काम रेंगाळतं म्हणतात. हे रेंगाळलं नाही. ठेंगणी आणि उंच, दोन्ही चक्क्या सोलापूरच्या कोठारात तयारच पडून होत्या, नुसता कागद हवा होता. मृगाच्या आत मनोरा उभा राहिला. गावातूनही दिसायचा, देवळाच्या शिखराहून उंच. पत्र्याची रुंद पाती. वारा फार झाला तर शेपूट दुमडून चक्की थांबवायचा एक दोर खाली सोडला होता, आणि तो ओढायला गावच्या कोतवालाला शिकवलं होतं. साहेबांनी नारळ फोडला. पाणी आलं. खरंच आलं! गढूळ, करंगळीएवढं, पण आलं, आणि लोकांनी ते डोळ्यांना लावलं. मीसुद्धा लावलं. मला वाटलं, सुटलो.

मग आषाढ लागला. त्या दिवसांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं तर आवाज. सुरुवातीला नुसती घरघर होती. मग तिला एक कण्हण्याचा सूर लागला, न थांबणारा. खाली गावात वारा नव्हता, पण तो सूर खोलगटात उतरून राहायचा. पोळी लाटताना ऐकू यायचा. शाळेत मास्तर मुलांवर विनाकारण ओरडायला लागले. गाई दूध चोरतात अशी तक्रार घेऊन बायका माझ्याकडे यायच्या, मी काय करणार होते? पारावर बसलेली माणसं माळाकडे वर बघायचीच नाहीत. सगळ्यांना एकच गोष्ट माहीत होती आणि तीच सोडून सगळं बोलणं चालू होतं. एकदा अण्णा वाटेत भेटले. मी म्हटलं, "अण्णा, साहेबांना एक पत्र टाकू का? नुसतं येऊन बघून जा म्हणून." ते म्हणाले, "आवस होऊन जाऊ द्या, बाई." मी अवस होऊन जाऊ दिली असती. पण तेवढे दिवस मिळालेच नाहीत.

अवसेच्या दोन दिवस अलीकडे मंद्रूपचा बाजार होता. गाव बाजाराला गेलं, कोतवालही गेला. मी खोलीत होते. दुपारी तो सूर एकाएकी थांबला. इतके दिवस नकोसा झालेला आवाज थांबला तर बरं वाटायला हवं होतं. मी दारात आले. चिंचेची पानं हलत होती, त्या खोलगटात पहिल्यांदाच, आणि ती पश्चिमेकडे हलत होती. पिठाच्या हातांनी मी तशीच उभी राहिले. मग सूर परत आला, पण उलटा, खरखरत. आणि मग वरून एक मोठा आवाज आला, पत्र्याचं छप्पर कोसळावं तसा. त्यानंतर फक्त मेंढरं ऐकू येत होती.

मनोरा वाऱ्याने पिळून निघाला होता. लगमव्वा घरात पालथी पडली होती. बिराप्पाही पडला होता, पण मेंढरांची वाघर मनोऱ्याच्या खालीच होती. वारा फिरलेला पाहून तो उठला, दोर ओढून चक्की थांबवायला गेला. एक पातं सुटून त्याच्यावर आलं. जागच्या जागी गेला बिराप्पा. माझ्या कागदावर त्याच्या अंगठ्याची शाई होती, हरकत नाही या शब्दांच्या शेजारी.

तीन दिवस मी मानसीला काय सांगावं याचा विचार करते आहे. बैठक देवळात घेऊ नकोस, वर चढून घे, हे सांगता येईल. लोक नाही म्हणतात ते कसं ओळखायचं, हेही थोडंफार सांगता येईल. ज्याच्यापाशी लपवायला काही नाही असा माणूस गावात शोध, तो बहुधा यादीत नसतो. एवढं सगळं मी सांगेन. ती म्हणेल, आत्या, तुला किती समजतं गं! आणि हेच मला ऐकवणार नाही. कारण मला तेव्हाही समजत होतं. विचारायचं कसं हा प्रश्नच नव्हता माझा. मला उत्तर मिळालं होतं, मी मागितलं नसताना, चहासकट.

चौकशी श्रावणात झाली, शाळेच्या खोलीत. इनामदार साहेब आले नव्हते. त्यांची बदली झाल्याचं कुणी तरी म्हणालं. चौकशीचे अधिकारी वयस्क होते, थकलेले, सभ्य. त्यांनी एकेकाला विचारलं. अचानक वावधान आलं साहेब, वादळच, लोक म्हणाले. कुणाला कल्पना नव्हती. अण्णाही तेच म्हणाले, जमिनीकडे बघून. मग लगमव्वाला आत बोलावलं. ती खुर्चीवर बसली नाही. कपाळ मोकळं होतं.

"मी सांगितलं हुतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "सगळं सांगितलं हुतं बाईंना. बाईंनी लिवून घेतलंय की. माझ्याम्होरं लिवलंय. त्यांची वही बगा."

अधिकाऱ्यांनी हात पुढे केला. मी वही दिली. न देण्याचं कारण सुचलं नाही. त्यांनी वैशाखाची पानं काढली, चष्मा वर-खाली करत वाचली. त्या पानावर ते थोडा जास्त वेळ थांबले. मग मला म्हणाले, "इथे काही दिसत नाही. बाजाराची यादी आहे. तुम्हाला हिने वाऱ्याविषयी काही सांगितलं होतं का?"

खोलीत सारं गाव दाटलं होतं. अण्णा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मेंढरांविषयी बोलली होती. वाऱ्याचं काही आठवत नाही."

लगमव्वा माझ्याकडे वळली. मला वाटलं आता ती ओरडेल, शाप देईल, माझ्या अंगावर येईल. मी त्याची वाट बघत होते. मला ते हवंही होतं. ती नुसती बघत राहिली, आधी माझ्याकडे, मग अधिकाऱ्यांच्या हातातल्या उघड्या वहीकडे. कपाळाला आठ्या घालून ती काही तरी आठवायचा प्रयत्न करत होती.

"कागदात न्हाय?" तिनं त्यांना विचारलं.

"नाही," ते म्हणाले.

"मग मी बोलले नसंन, सायेब," लगमव्वा म्हणाली. "बाई कशाला खोटं लिवतील?"